आधी तुम्ही कोण ते सांगा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणाची भीती वाटलेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. सासूबाईंना सगळं घर वचकून असायचं, या मात्र त्यांच्यासमोर खुशाल पाय सोडून बसायच्या. एकदा शेजारचा कुत्रा पिसाळल्यासारखा घरात शिरला. मी टेबलावर चढले. जाऊबाईंनी दोरीवरची ओली चादर ओढली, त्याच्या अंगावर टाकली आणि गाठोडं उचलावं तसं त्याला अंगणात नेऊन सोडलं. वर मलाच म्हणाल्या, "उतर आता, टेबल नवीन आहे."

म्हणून त्या दुपारी बँकेत माझ्या फोनवर त्यांचा आवाज आला, तेव्हा मला आधी वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"अगं, कामात आहेस का?"

"वहिनी? बऱ्या आहात ना? दादा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. मला गिट घालायचंय कॉम्प्युटरवर. तू सांगशील का?"

मी दुसऱ्या गावात बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम करते, त्यामुळे प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला होता असं नाही. पण आमचं बोलणं तब्येती आणि मुलांच्या परीक्षा यापलीकडे कधी जात नसे. आणि वहिनींचा आवाज इतका बारीक झाला होता, की शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही असं वाटावं.

त्यामागचं कारण मला बऱ्याच नंतर कळलं. सांगताना मात्र ते आधीच सांगते, म्हणजे घोळ नको.

वहिनी औषधांची माहितीपत्रकं लिहायच्या. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला तो पातळ कागद असतो ना, जो एकदा उलगडला की पुन्हा तशी घडी कुणाच्या बापाला जमत नाही, तो. कंपनीकडून क्लिष्ट मजकूर यायचा, वहिनी तो साध्या भाषेत उतरवायच्या. मग औषधशास्त्र शिकलेल्या एक तपासनीस बाई तो वाचून दुरुस्त्या सांगायच्या, आणि शेवटी मजकूर मांडणीसाठी मागच्या खोलीत जायचा. कचेरी म्हणजे जिन्याखालून शिरायच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक आणि वहिनी, मागच्या खोलीत छापून आलेले गठ्ठे आणि मांडणी करणारा माणूस. त्याला सगळे बोका म्हणत, कारण खिडकीतून ऊन आलं की तो खुर्ची ओढून त्यात बसे आणि डोळे मिटून विचार करतोय असं सांगे. वहिनींना सगळे काकू म्हणत. मालकांनी पैसे वाचवायला कॉम्प्युटरवर फुकटातली लिनक्स प्रणाली घालून घेतली होती आणि ती बसवून देणारा माणूस दुसरीकडे लागला होता. जाताना तो कॉम्प्युटरचा पासवर्ड काकूंना सांगून गेला, कारण मालक विसरतील अशी त्याला खात्री होती.

काकू विसरणार नाहीत, हे कचेरीत सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

एके दिवशी सकाळी वहिनींनी लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची फाईल उघडली. त्यात लिहिलं होतं, दिवसातून तीन वेळा. कंपनीच्या पहिल्या मजकुरात तीनच होतं, पण तपासनीस बाईंनी ते दोन करायला सांगितलं होतं आणि वहिनींनी ते केलं होतं. केलं होतं ना? त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. दुरुस्ती करताना खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी पलंग ओढत नेत होतं, तो आवाजसुद्धा त्यांच्या कानात होता. त्यांनी तीनचं पुन्हा दोन केलं, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

काही दिवसांनी एका मलमाच्या कागदातून 'डोळ्यांपासून दूर ठेवा' ही ओळ गेली. वहिनींनी ती स्वतः घातली होती. तीही त्यांनी पुन्हा घातली.

दुसरं कुणी असतं तर ओरडून विचारलं असतं, माझ्या फायलींना कोण हात लावतंय? वहिनींना ते तोंडातून काढता येईना. कारण हेच वाक्य त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं.

त्यांची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सगळ्या गावाचे नंबर तिला पाठ. डॉक्टर, शाळा, फौजदार, कुणाचाही नंबर ती पुस्तक न उघडता जोडून द्यायची. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती म्हणायला लागली, "माझ्या वस्तू कुणीतरी हलवतं." चष्मा हलवतं. पातेलं हलवतं. घरातल्यांनी आधी उंदरांवर संशय घेतला, मग कामवाल्या बाईवर. बिचारीला काढूनसुद्धा टाकलं. मग एका सकाळी आई चपलेचा एक पाय हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तिनं वहिनींना विचारलं, "बाई, हे कशात घालतात?"

स्वतःच्या मुलीला ती 'बाई' म्हणाली होती. त्यानंतर पुढली सगळी वर्षं बाईच म्हणत राहिली.

तर वहिनींना चोर नको होता. त्यांना साक्षीदार हवा होता, आणि तोही माणूस नको होता, कारण माणसाला विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागतं. कॉम्प्युटर बसवणारा जाता जाता एकदा म्हणाला होता, "काकू, तुमच्या फायलींवर गिट लावून घ्या. रोज निघताना नोंद केली, की नंतर कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं." तेव्हा त्यांनी हसून उडवून लावलं होतं.

यातलं मला त्या दुपारी काहीएक माहीत नव्हतं. मी आपली उत्साहानं सांगत होते.

"मालक कुठेत?"

"जेवायला गेलेत. बोका पण गेलाय. लवकर सांग."

"कंट्रोल, ऑल्ट आणि टी, तिन्ही एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल."

"उघडली. नुसतीच काळी आहे गं. एक पांढरा ठिपका लुकलुकतोय."

"तो तुमची वाट बघतोय. आता लिहा, एस, यू, डी, ओ. जागा सोडा. ए, पी, टी. जागा. अपडेट. एंटर."

"पासवर्ड मागतोय."

"द्या."

बटणं वाजली, मग थांबली. मग मला नुसता त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

"काय झालं?"

"काही उमटत नाहीये. मी दाबतेय, पण काहीच उमटत नाहीये."

"पासवर्ड दिसत नाही वहिनी. ठिपकेसुद्धा येत नाहीत. तुम्ही लिहीत राहा, तो मनातल्या मनात वाचतो."

"पण मला कसं कळणार मी काय लिहिलं ते?"

हे त्या अशा काही स्वरात म्हणाल्या की मी चेष्टा करणार होते ती गिळली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. "मला पाठ होता," त्या म्हणाल्या, "मला चांगला पाठ होता." मी म्हटलं, मोठी अक्षरं करायचं बटण दाबलेलं राहिलंय का बघा. तसंच होतं. तिसऱ्यांदा जमलं. ओळी भराभरा वर सरकल्या आणि त्या पुटपुटल्या, "हे सगळं मी करतेय का?"

मग 'इन्स्टॉल गिट' लिहून घेतलं. त्यांनी एंटर केलं.

"अगं, हा म्हणतोय कुलूप मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय म्हणतोय." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "आत कुणी आहे का गं?"

माझ्या अंगावर खरंच काटा आला. भर दुपारी, बँकेत, ट्यूबलाइटखाली. कॉम्प्युटरच्या आत कुणी आहे का, असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

"कुणी नाही. तो स्वतःच आपली नेहमीची डागडुजी करत असतो, तेव्हा दुसऱ्याला आत घेत नाही. थांबा थोडं."

आम्ही थांबलो. त्या मधेच म्हणाल्या, जिन्यावर पावलं वाजतायत. मग म्हणाल्या, नाही, वरच्या मजल्यावरचे आहेत. मग कुलूप सुटलं, पुढे जायचं का असं त्यानं विचारलं, आणि मी म्हटलं, "वाय दाबा." त्यांनी विचारलं, "दाबू ना? नक्की? काही बंद नाही ना पडणार?" आणि दाबलं. पुन्हा ओळींचा पूर आला. गिट बसलं. आवृत्तीचा आकडा विचारायची आज्ञा दिली, तर त्यानं तो मुकाट्यानं सांगितला.

"आता माहितीपत्रकांच्या फोल्डरमध्ये चला. गिट, जागा, इनिट. म्हणजे हे फोल्डर आजपासून त्याच्या नजरेखाली. मग गिट, जागा, ॲड, जागा, टिंब. म्हणजे सगळ्या फायली घे. आणि आता कमिट. कमिट म्हणजे त्याला सांगायचं, आत्ता आहे हे असं लक्षात ठेव. सोबत तुमची एक ओळ लिहायची, का ते."

त्यांनी लिहिलं. आणि मग जे झालं, ते मी कितीही वर्षं या कामात घालवली तरी विसरणार नाही. नवीन बसवलेलं गिट पहिल्या नोंदीला अडतं. नाव ठाऊक नसलं तर विचारतं. आम्ही दिवसभर ते बघत असतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

"हा विचारतोय," वहिनी म्हणाल्या, आणि थांबल्या.

"काय?"

"आधी तुम्ही कोण ते सांगा, म्हणतोय."

"हां, मग नाव टाकायचं. मी सांगते कसं ते."

मी दोनदा हाक मारली. मला वाटलं फोन कट झाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"वहिनी, रडताय का?"

"छे गं. सर्दी आहे. सांग, नाव कसं टाकायचं?"

त्यांनी आपलं पूर्ण नाव टाकलं. माहेरच्या आडनावासकट. मी म्हटलं एवढं लांब कशाला, तर म्हणाल्या, "असू दे, पूर्ण असू दे."

त्यानंतर रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी त्या नोंद करायच्या, आणि सकाळी आल्यावर पर्स खांद्यावरून काढायच्या आधी गिटला विचारायच्या, काही बदललंय का. तो म्हणायचा, काही नाही. सगळं जिथल्या तिथे.

मला वाटलं असतं, चला, सुटले. वहिनींना उलटंच झालं. रोज सकाळी काही बदललेलं नसायचं आणि रोज त्यांची भीती वाढायची. कारण पहारा बसल्यावर एकही ओळ हलली नाही, याचा अर्थ त्यांनी असा लावला की आधीच्या ओळी हलवणारं माणूस आता पहारा देत बसलंय. म्हणजे त्याच.

घरीही त्या गप्प झाल्या. माझे दीर दातांच्या कवळ्या करतात. घराच्या मागच्या व्हरांड्यात त्यांचं बाक आहे आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या लोकांचे प्लॅस्टरचे जबडे मांडलेले. वहिनी पूर्वी म्हणायच्या, "या घरात एवढी तोंडं, पण मला उलटून बोलणारं एकच." आता वहिनी त्या व्हरांड्यात जायच्याच नाहीत. गॅस बंद केला का ते बघायला पुन्हापुन्हा उठायच्या. कडी लावायच्या, अंथरुणावर टेकायच्या, परत उठून कडीला हात लावून बघायच्या. आरशाजवळ उभं राहून सगळ्या नातेवाइकांची नावं ओळीनं म्हणायच्या. माझं नाव एकदा आठवायला वेळ लागला, तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "माझं नाव माझ्या नवऱ्यालासुद्धा पटकन आठवत नाही, तो मुलीच्या नावानं हाक मारतो." हसल्या, पण तेवढ्यापुरतंच.

मग एका दुपारी त्यांनी सहज मागच्या नोंदी चाळल्या. गिटमध्ये तशी सोय आहे. एकाखाली एक उतरत जातात, ज्यानं केल्या त्याचं नाव आणि त्यानं लिहिलेली ओळ. त्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक नोंद होती. बाटली उघडल्यावर किती आठवड्यांत टाकून द्यायची, तो आकडा बदलला होता. वहिनींचं पूर्ण नाव. आणि खाली त्यांचेच शब्द: 'तपासनीस बाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे'.

फोन? कुठला फोन?

त्यांना तो आठवेना. आकडा बदलल्याचं आठवेना, ओळ लिहिल्याचं आठवेना. त्या दिवशी खिडकीबाहेर काय चाललं होतं, तेही आठवेना. नुसतं कोरं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. वहिनींनी कागद सारखे करत, तोंड न वर करता विचारलं, "त्या थेंबांबद्दल तुम्ही फोन केला होतात ना?"

"हो की," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर मला दोनदा वाचून दाखवलंत. म्हणालात, डोळ्यांची गोष्ट आहे, पुन्हा एकदा ऐका."

वहिनी हसून "बरोबर, बरोबर" म्हणाल्या. मग स्वच्छतागृहात गेल्या आणि बंद झाकणावर बसून राहिल्या. ज्याला त्यांनी साक्षीला उभं केलं होतं, त्यानं त्यांच्याच विरुद्ध साक्ष दिली होती, तीही त्यांच्याच शब्दांत.

त्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं. मालकांना काय कारण सांगायचं तेही ठरवलं. गुडघे. गुडघ्यांवर कुणी शंका घेत नाही.

ज्या सकाळी त्या ते सांगणार होत्या, त्या सकाळी सवयीनं आधी काळी खिडकी उघडली. आणि गिट म्हणाला, एक फाईल बदललीये.

खोकल्याचं औषध. त्यांनी काय बदललंय ते दाखवायची आज्ञा दिली. एक ओळ लाल, एक हिरवी. लाल म्हणजे गेलेली: दिवसातून दोन वेळा. हिरवी म्हणजे आलेली: दिवसातून तीन वेळा.

पहिला विचार त्यांच्या मनात हाच आला, की हेही मीच केलं. मग त्या मागे टेकल्या आणि सावकाश मोजमाप केल्यासारखा विचार केला. काल संध्याकाळी निघताना नोंद केली होती. ती नोंद समोर दिसत होती आणि तिच्यात दोन होतं. बदल त्यानंतरचा होता. त्यानंतर त्या घरी होत्या, आणि आता नुकत्याच आल्या होत्या. मालकांनी त्यांच्यादेखत कुलूप उघडलं होतं.

त्यांनी मला फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "मी नव्हते गं. ही मी नव्हते."

आणि मग त्यांना जे सांगायचं होतं ते इतकं उलटसुलट बाहेर पडलं की मला त्यातलं एवढंच कळलं, की लहान मुलांच्या औषधाचा डोस कुणीतरी बदलतंय आणि वहिनींना त्याचा आनंद झालाय. तो त्यांच्याही लक्षात आला असावा. एकदम थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "त्याचे गठ्ठे मागच्या खोलीत आहेत. आज जायचेत."

त्यांनी फोन तसाच टेबलावर टाकला. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग लांबून वहिनींचा तोच जुना, कुत्र्याला बाहेर काढणारा आवाज: "थांबवा! ती गाडी थांबवा! एक गठ्ठा हलता कामा नये!"

गठ्ठे फोडले. वरचे कागद बरोबर होते. मधले बरोबर होते. छपाईला गेला तेव्हा मजकूर 'दोन'च होता, असं दिसलं. मालकांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मग काकू, ओरडलात कशाला?" वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवून स्क्रीन दाखवली. हेच माहितीपत्रक पुढल्या आठवड्यात मोठ्या बाटलीसाठी पुन्हा छापायला जाणार होतं. तेव्हा तीनच छापलं गेलं असतं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. कधी नव्हे ते त्यांनी स्वतः उठून वहिनींना पाणी आणून दिलं, आणि मग ते स्वतःच पिऊन टाकलं.

मी रजा टाकून दुसऱ्या दिवशीची पहिली बस पकडली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. दोन्ही खोल्यांतल्या कॉम्प्युटरना माहितीपत्रकांचं फोल्डर एकच होतं. बोक्याला खिडक्या बंद करायचा कंटाळा. त्याच्या स्क्रीनवर खोकल्याचं, मलमाचं, आणखी कशाकशाचं पान महिनोन्महिने उघडं पडलेलं असायचं, आणि त्या पानांत पहिला, दुरुस्ती व्हायच्या आधीचा मजकूर तसाच धरलेला. बहुतेक दिवशी तो स्क्रीन नुसती विझवून घरी जायचा. पण क्वचित कधी, वीज जाईल अशी भीती वाटली की, निघताना समोर असेल ते पान सेव्ह करायचा. त्याबरोबर जुना मजकूर नव्यावर जाऊन बसायचा. वहिनी त्याच्या आधी निघायच्या, म्हणून कधी दिसलं नाही.

मी हे समजावत होते तेव्हा बोका उभा होता. मग तो खाली बसला, खुर्चीवर नाही, कागदांच्या गठ्ठ्यावर. "माझी मुलगी याच औषधावर आहे," तो म्हणाला. "काकू, मी आठवणीनं सेव्ह करत होतो. मला वाटायचं, चांगली सवय आहे." त्याचे ओठ पांढरे पडले होते. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ. गठ्ठे चुरगळतायत." त्या दिवसानंतर मी जेव्हा जेव्हा त्या कचेरीत गेले, त्याच्या स्क्रीनवर एका वेळी एकच पान असे, आणि ऊन खिडकीतून येऊन मोकळ्या फरशीवर पडलेलं असे.

मला वाटलं, झालं, संपलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी दिरांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. ते हाताला प्लॅस्टर लागलेलं तसंच घेऊन ऐकत होते, मान डोलवत होते. वहिनी मात्र चहाचा कप तसाच धरून बसल्या होत्या.

"खोकल्याचं बोक्यानं केलं," त्या म्हणाल्या. "मलमाचंही त्याचंच. थेंबांचं नाही."

"कसले थेंब?"

मग त्यांनी सांगितलं. थेंबांचं, फोनचं, आईचं, चपलेचं. उन्हं उतरून गेली तरी कुणी दिवा लावायला उठलं नाही. बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या, दिरांकडे नाही. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, ही बाई आता यापुढे जे जे विसरेल, ते मी मोजणार. मीठ विसरली तरी मोजणार. आणि तिला ते दिसणार.

दीर वहिनींकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीयेस."

"कशाला रागावू?"

"ते मला कळत नव्हतं. इतके दिवस तेच शोधत होतो. गेल्या वर्षीपर्यंत मागे गेलो." त्यांनी हातावरचं वाळलेलं प्लॅस्टर नखानं काढलं. "दोघं मिळून जाऊ डॉक्टरकडे. उद्याच."

"आणि त्यांनी सांगितलं तर?"

"तर सांगू दे. तू एकटी ऐकणार नाहीस."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि पदरानं तोंड झाकलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर ऐकलं होतं, ते वेगळं.

डॉक्टरांनी ठाम असं काही सांगितलं नाही. तपासण्या केल्या, रक्त घेतलं, प्रश्न विचारले. म्हणाले, घाईत घेतलेला एखादा फोन कुणीही विसरतं. आणि हेही म्हणाले, की आईला होतं म्हटल्यावर दरवर्षी येऊन दाखवत जा. त्यातलं पहिलं वाक्य दिरांनी धरून ठेवलं आणि दुसरं वहिनींनी. कचेरीत त्यांनी तपासनीस बाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी एकच केलं, वहिनींची प्रत्येक नोंद दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वाचायला लागल्या. नोकरी काही सुटली नाही. भीतीही सुटली नाही. वहिनी म्हणतात, ती आता शेजारणीसारखी झालीये, रोज डोकावते, पण आत येऊन बसत नाही. हे त्या चांगल्या दिवशी म्हणतात. वाईट दिवशी काही म्हणत नाहीत, आणि मग दीर मला फोन करतात.

या वर्षी दिरांना ताप होता म्हणून तपासणीला मी बरोबर गेले. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, म्हणून मीच आमच्या ओळखीतला दवाखाना शोधला होता. बाहेर बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतले प्रश्न तुटक ऐकू येत होते. आज वार कुठला. शंभरातून सात वजा करत चला. वहिनींचा आवाज येत होता, त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग थांबला. बाकाच्या कडेला धरलेली माझी बोटं दुखायला लागली. मीही मनात वजाबाकी करून बघितली, आणि मलाही पुढचा आकडा सुचेना. तेव्हा मला जे झालं, ते माझ्या नवऱ्यालाही मी अजून सांगितलेलं नाही. आत कुणीतरी खोकलं. मग वहिनींचा आवाज आला, एकोणऐंशी.

डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वर्षी या.

आम्ही रस्त्यावर आलो. बसथांब्यावर गर्दी होती, एकामागून एक बस येत होत्या. वहिनी पाट्या वाचत उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, आपली बस कुठली?"

माझ्या छातीत धस्स झालं. चेहऱ्यावर ते उमटलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"मला कसं माहीत असणार? या दवाखान्यात मी जन्मात पहिल्यांदा आलेय. तूच आणलंस ना रिक्षातून?"

"हो. हो वहिनी, खरंच की."

"मग सांग, कुठली?"

मला माहीत नव्हती. आम्ही तिथे उभ्या असलेल्या एका बाईला विचारलं.